खाणारीला विचारा

पाडव्याच्या सकाळी मालनचे हात शेणात होते आणि जीव टांगणीला लागला होता.

शेणाचं काही विशेष नाही. बलिप्रतिपदेला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शेणाचा इवलासा गोठा करायचा, शेणाच्याच भिंती, शेणाचंच दार, आणि आत हिरवी कारिटं गुरं म्हणून मांडायची, ही या घरची रीत. सासूबाई गेल्यापासून हे काम मालनकडे आलं आणि ती ते हौसेने करायची. एरवी भिंत घालता घालता तिच्या तोंडून गाणं निघायचं. आज मात्र भिंत घातली की कलंडायची, पुन्हा घातली की पुन्हा कलंडायची. कलंडेल नाहीतर काय! बाईचं अर्धं लक्ष पडवीतल्या बॅगेकडे.

निळी बॅग. दर्शनाची. काल संध्याकाळी माळ्यावरून खाली उतरली होती आणि आज सकाळी चेन लावून, फुगून, कोपऱ्यात उभी होती.

'भरलीसुद्धा!' मालन मनात म्हणाली. 'वाटच बघत होती जणू. मुंबईची पोर ती, तिला कशाला करमेल शेणामुतात.'

दीपक तिचा धाकटा दीर. मालन लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो चड्डी सावरत शाळेत जायचा, आणि त्याला आंघोळ घालण्यापासून पाढे म्हणून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे तो मुंबईला गेला, नोकरीला लागला, लग्न झालं. मग कंपनी गुजरातेत हलली तसा बायकोला घेऊन परत आला आणि म्हणाला, वहिनी, मी म्हशी पाळणार. मालनचा स्वतःचा मुलगा हर्षद मुंबईलाच असायचा. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, पाहुण्यासारखा वडे खाऊन परत जायचा. घरात उरायचे कोण, तर मालन, तिचा नवरा हरिश्चंद्र आणि सासरे आप्पा. तिघांनी तीन कोपऱ्यांत बसायचं आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा, एवढाच काय तो गजबजाट. दीपक-दर्शना आले आणि घराला तोंड फुटलं. आता ते पुन्हा मिटणार होतं.

आणि हे सगळं कशावरून? तर गवतावरून! लोकांची भांडणं बांधावरून होतात, आंब्याच्या कलमावरून होतात, विहिरीच्या पाण्यावरून होतात. या दोन शहाण्यांना भांडायला गवत मिळालं.

झालं असं. मृगात वरच्या वरकस, डोंगरउताराच्या जमिनीत म्हशींसाठी नेपिअर गवताच्या कांड्या लावल्या. मधोमध बांध. अलीकडचा तुकडा हरिश्चंद्राचा, पलीकडचा दीपकचा. हरिश्चंद्र देवरुखला कसल्याशा शिबिराला जाऊन आला होता आणि तिथून एक टोपी आणि एक वेड घेऊन आला होता, सेंद्रिय! त्याच्या तुकड्यात शेणखत, गांडूळखत, वर जीवामृत. जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात कालवून घातलेलं. "घरच्या माणसांना बेसनाचा लाडू मिळायची मारामार, आणि गवताला बेसन!" असं मालनची नणंद काशी फोनवर म्हणाली होती ते काही खोटं नव्हतं.

दीपकने आणला युरिया. मुठीमुठीने फेकला आणि दुसऱ्या दिवशी आभाळ असं फाटलं की सगळा युरिया विरघळून व्हाळात गेला. व्हाळाच्या काठचं रान असं काही माजलं की खालच्या वाडीतला धोंडू मुद्दाम येऊन आभार मानून गेला. हरिश्चंद्र चार दिवस हसत होता. पण दीपक काही कच्चा नव्हता. पुढच्या वेळी त्याने पावसाची उघडीप बघितली, कापणीनंतर थोडा थोडा करून दिला, आणि मग त्याचं गवत असं काळंभोर, लुसलुशीत वर आलं की हरिश्चंद्राचं हसू आटलं. हरिश्चंद्राचं गवत फिकट, सावकाश वाढणारं. पण ठोंब दणकट, आणि वाऱ्याने दीपकचं गवत आडवं झालं तेव्हा याचं ताठ उभं.

"माझा भारा जड," दीपक म्हणायचा.

"पाण्याने जड! वाळवून बघ, निम्मा होतोय का नाय."

"दादा, मला म्हस पोसायची हाय, पापड नाय वाळवायचे."

"आणि जमिनीचं काय? दोन वर्षांनी कातळ होईल कातळ."

"तुझ्या गांडुळांची वाट बघत बसलो तर दोन वर्षांनी म्हशीच नसतील."

दसऱ्याला हे भांडण हातघाईवर आलं. हरिश्चंद्र बोलून गेला, "एवढीच घाई असेल तर जा मुंबईला. तिथे सगळं फटाफट होतं." आणि दीपकसुद्धा त्याच बापाचा. म्हणाला, "जातोच मग. भिवंडीला माझ्या जुन्या कंपनीतल्या समर्थने गोडाऊनवर जागा धरून ठेवलीय माझ्यासाठी."

मग आप्पा, जे सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, "कशाला भांडताव? खाणारीला विचारा."

खाणारी म्हणजे सगुणा, घरातली थोरली म्हैस. ठरलं. पाडवा गुरांचा सण, त्या दिवशी दोन भारे तिच्यासमोर ठेवायचे. ज्याला ती तोंड लावील त्याचं खत सगळ्या जमिनीत. दीपकने वर तोरा मिरवला, "माझं नाय खाल्लं तर पाडव्यालाच समर्थला हो सांगतो आणि भाऊबीज झाली की निघतो."

दोघे भाऊ, आप्पा, बायका, सगळे हजर होते. पण पाडव्याला गुरांना दिवसभर काहीबाही चारतात, भरल्या पोटाची म्हैस कसला निवाडा देणार, हे एकालाही सुचलं नाही. मालनला सुचलं ते आज, शेणाची भिंत घालताना.

आणि सुचलं तशी ती उठलीच.

'निवाडाच झाला नाही तर कोण हरलं?' ती स्वतःशी म्हणाली. 'कोणी नाही. मग जायचं कारणच काय?'

हात धुतले, गुळाच्या पोह्यांचं पातेलं उचललं, पदराखाली धरलं आणि गोठ्यात गेली. सगुणाच्या अंगावर गेरूचे ठसे उठले होते, शिंगांना तेल लागलं होतं, गळ्यात झेंडूची माळ. तोंड आधीच हलत होतं. पायाशी केळ्याची सालं दिसली. 'असेल, सण आहे,' म्हणून मालनने तिकडे दुर्लक्ष केलं.

"खा गो बाय," ती म्हणाली. "आज तुझ्या पोटावर माझं घर हाय."

सगुणाने पातेलं चाटूनपुसून साफ केलं.

परत येताना मालनला पायरीवर पालथं घातलेलं घमेलं दिसलं, ओलं, नुकतं विसळलेलं. तिचं डोकं तडकलं. दसऱ्यापासून हरिश्चंद्र रोज पहाटे 'पंप बघायला' म्हणून वर जायचा आणि येताना घमेलं विसळून पालथं घालायचा. पंप बघायला घमेलं कशाला लागतं, हे न कळण्याइतकी मालन बावळट नव्हती. चोरून स्वतःच्या गवताला जादा खत घालतोय हा माणूस. जिंकायची एवढी हौस! पाठच्या भावाला घराबाहेर काढून काय, गांडुळं घेऊन बसणार आहे म्हातारपणी?

"अहो," तो समोर आला तसं तिने विचारलं, "पंप बरा हाय ना?"

"हाय की." हरिश्चंद्राने नजर चुकवली.

"हल्ली फार आजारी असतो म्हणून विचारलं."

तो विळा घेऊन निघून गेला.

काशी कालच मंडणगडहून आली होती. भाऊबीज उद्या, पण बाई दोन दिवस आधीच हजर. नवऱ्याला मुंबईत सुट्टी नाही, मग सासरी बसून फराळ कुणासाठी करायचा? हरिश्चंद्राहून धाकटी, दीपकहून मोठी, आणि दोघांवर सारखाच हात उगारणारी. तिने कमरेला पदर खोचला आणि पंचाचं काम आपल्याकडे घेतलं.

"दोघांनी भारे कापून आणायचे. सारख्या मापाचे. म्हशीला कुणी हाक मारायची नाय, चुचकारायचं नाय. दादा, तू लांब उभा राहा, तुझ्या अंगाला जीवामृताचा वास येतो. ती तुलाच चाटायची."

"तू कुणाच्या बाजूने हायस ते आधी सांग," हरिश्चंद्र म्हणाला.

"दीपकच्या. धाकटा हाय माझा."

दीपक खूश झाला. "बघ दादा. ताय शिकलेली हाय. सेंद्रिय म्हणजे मागच्या काळातलं. ताय, तुझ्या मंडणगडात तरी कोण करतं आता?"

"मी करते," काशी म्हणाली. "माझ्या परसात शेणखताशिवाय काय नसतं. मागच्या काळातली काय रे मी?"

"तसं नाय गो..."

"आता मी दादाच्या बाजूने."

आप्पा पायरीवर बसून हसत होते. दर्शना वडे थापत होती, तिचा चेहरा मालनला काही वाचता येईना. मालनने मुद्दाम विचारलं, "तुला काय वाटतं गो? कुठलं गवत खाईल?"

"मला काय कळतंय गवतातलं, ताई," दर्शना म्हणाली आणि वडा तेलात सोडला.

मालनला ते लागलं. 'बॅग तेवढी भरायची कळते,' असं ओठावर आलं होतं. गिळलं.

दोन्ही भारे खळ्यात आले. डावीकडे दीपकचा, काळाभोर, पानांची नुसती झुंबड. उजवीकडे हरिश्चंद्राचा, फिकट पोपटी, पण कांडी बोटभर जाड. काशीने सगुणाला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि कासरा धरून मधोमध आणून उभी केली. दीपकचा हात खिशातल्या फोनवर होता. मालनने मनातल्या मनात ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं, बाय, हिला आज भूक देऊ नकोस.

सगुणाने उजवीकडे मान वळवली. हरिश्चंद्राचा भारा हुंगला. हरिश्चंद्र आनंदायचा सोडून पांढराफटक पडला. मग तिने डावीकडे मान फिरवली. दीपकचं एक पान नाकाने उचललं, फुर्रकन शिंकली, आणि ते पान उडून आप्पांच्या मांडीवर पडलं. मग तिने एक लांब सुस्कारा टाकला, पुढचे गुडघे मोडले, आणि दोन्ही भाऱ्यांच्या मधोमध ऐसपैस बसून रवंथ करायला लागली.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"ही खात का नाय?" दीपक ओरडला. "काय चारलंव हिला?"

"मी नाय," काशी म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे करंज्या दिल्या चार. सकाळी. मोडलेल्या होत्या."

"मी केळी दिली," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "डझनभर असतील. सण हाय."

"पोहे," मालन म्हणाली. "थोडेसेच."

"पातेलं रिकामं हाय, वहिनी!"

"मग खाल्ले तिने, मी काय करू?"

सगळे दर्शनाकडे बघायला लागले. ती झारा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. "भाकऱ्या," ती म्हणाली. "गूळ लावून."

"किती?"

"होत्या तेवढ्या."

दीपकने कपाळाला हात लावला. हरिश्चंद्राने मात्र मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "जाऊ दे. उद्या बघू. उपाशी ठेवून."

"उद्या नाय," दीपक म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला. आता त्यात थट्टा नव्हती. "समर्थला आज शब्द द्यायचाय. दादा, खरं सांगू? गवताचं राहू दे. म्हस काय खायची ते खाईल. तू दसऱ्याला म्हणालास, जा मुंबईला. तेव्हापासून त्या शब्दाला फिरलास का एकदा तरी? या घरात मी काय केलं की तुला ते चुकीचंच दिसतं. मग राहून करू काय?"

हरिश्चंद्राचं तोंड उघडलं आणि मिटलं. मालनला वाटलं, बोल, बोल की रे दगडा. तो भाऱ्याचा बंध आवळत राहिला. दीपक फोन घेऊन वरच्या वाटेला लागला. घरात रेंज नसायची, ती मिळायची थेट वरकसात, फणसाखाली.

मालन उभीच राहिली. मग तिच्या लक्षात आलं की हा आता फणसाखाली पोचेल, फोन लावेल, हो म्हणेल, आणि संपलं. हो म्हटल्यावर दीपक शब्द फिरवणारा नव्हे, मोडेल पण वाकणार नाही, हे तिला त्याच्या पाढ्यांपासून माहीत होतं. तिने पातळ वर खोचलं आणि त्याच्या मागे निघाली.

"अरे दीपक! थांब रे! चप्पल तरी घालून जा!" काहीतरी म्हणायचं म्हणून ती ओरडली. त्याच्या पायात चप्पल होती.

आणि तिच्या बाजूने, झेंडूची माळ हलवत, कासरा मागे ओढत, सगुणा पुढे निघून गेली. रोजची पायाखालची वाट. काशी वड्यांच्या वासाने कासरा सोडून आत गेली होती. झालं, मग सगळ्यांचीच पळापळ. पुढे दीपक, मागे म्हैस, म्हशीमागे मालन, मालनमागे "धरा, धरा" करत हरिश्चंद्र, त्याच्यामागे झारा हातात तसाच धरून दर्शना, आणि शेवटी धापा टाकत काशी. खळ्यातून आप्पा ओरडत होते, "काय झालं ते मला कुणीतरी सांगा रे!"

वर पोचली तेव्हा मालनला दिसलं ते असं. दीपक फणसाखाली फोन वर धरून रेंज शोधत होता. सगुणा त्याच्या अंगाला घासून पुढे गेली, बांधाला वळसा घातला, थेट त्याच्या तुकड्यात शिरली आणि बांधालगतच्या कोपऱ्यात जाऊन खायला लागली. केळी, करंज्या, पोहे, भाकऱ्या, सगळं पोटात असताना ती असं गवत ओरबाडत होती जणू महिन्याची उपाशी.

"खाल्लं!" दीपक फोन विसरला. "दादा, बघ! कुणी नेली नाय, आपणहून गेली! माझ्या तुकड्यात!"

"बघितलं," हरिश्चंद्र म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू फुटलं होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. हरलेला माणूस असा हसतो का? मालन बघतच राहिली.

दीपक नाचत नाचत कोपऱ्यात गेला. तिथलं गवत बाकी तुकड्याहून वीतभर उंच होतं. रंग त्याचा, काळाभोर, पण कांडी जाड आणि उभी. त्याने म्हशीला बाजूला लोटून एक ठोंब मुळाशी धरला. मग तो खाली बसला. बोटाने माती उकरली. माती काळी, भुसभुशीत, ओली. त्यातून एक लालसर गांडूळ वळवळत बाहेर आलं.

दीपकचा नाच थांबला.

"हे कुठनं आलं?"

त्याने आणखी माती उकरली.

"मी या तुकड्यात शेणाची पाटी टाकलेली नाय. हे गांडूळखत हाय. भरपूर हाय. सगळ्या कडेला हाय." तो वर बघायला लागला. "दादा?"

"सांडलं असेल," हरिश्चंद्र म्हणाला.

"बांध ओलांडून?" काशी धापा टाकत म्हणाली. "उडून गेलं काय रे?"

मालनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घमेलं! रोज पहाटेचं घमेलं, विसळून पालथं घातलेलं. ती नवऱ्याला इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि हा माणूस जात होता तो बांधाच्या पलीकडे.

"म्हणजे तुम्ही पंप..." ती म्हणाली.

"पंपाला काय धाड भरलीय!" हरिश्चंद्र एकदम उखडला. उखडला की त्याच्या तोंडून खरं बाहेर पडायचं, शांतपणे कधी पडायचं नाही. "मग काय करणार होतो मी? हा म्हणतो, हरलो तर जातो. मी म्हटलं, हरू द्यायचा नाय. वाऱ्याने पडणारं गवत ते, कोण खाणार? म्हटलं थोडं मुळाला बळ मिळालं तर म्हस तोंड लावेल. रोज एक घमेलं. बांधालगतच जमलं, पुढे उजाडायचं. दसऱ्याला बोलून गेलो मी. जीभ हाय, घसरली. त्या रात्रीपासून घास गोड लागला नाय मला. पण तुझ्या तोंडावर येऊन, बाबा रे, राहा, असं कसं म्हणू? मी थोरला ना!"

आणि एवढं बोलून त्याने टोपी काढली, तोंड पुसलं, आणि टोपी पुन्हा उलटी घातली.

दीपक मातीत बसलेला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो गांडुळाकडे बघत होता. "एकदा म्हणाला असतास," तो म्हणाला. "एकदाच."

"आता म्हणतो. राहा."

तेवढ्यात फणसाखालच्या रेंजने आपलं काम केलं आणि दीपकचा फोन वाजला. समर्थ. मालनने पदर तोंडात धरला. दीपकने मातीचा हात पॅंटला पुसून फोन कानाला लावला.

"हां, समर्थ. पाडव्याच्या शुभेच्छा रे... होय, त्याचसाठी... नाय, नाय जमणार. दुसरा कोणतरी बघ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कारण काय सांगू? भावाने माझ्या गवतात खत घातलंय. आता ते कापायला कोण मुंबईहून येणार?"

काशी हुंदके देत होती आणि हसतही होती. "दोघेही एकजात गाढव!" ती म्हणाली. "आमटीत मीठ पण लागतं आणि मसाला पण लागतो, हे माझ्या सासूलासुद्धा कळतं."

"पण युरिया नसता तर एवढा रंग आला नसता," दीपक नाक ओढत म्हणाला.

"आणि गांडूळखत नसतं तर रंग आडवा पडला असता."

"म्हणजे दोन्ही घालायचं?"

"शेणखत लावणीला, भरपूर. तुझा युरिया कापणीनंतर, चमचाभर."

"चमचा? दादा, गवत हाय, दही नाय विरजायचं!"

"बरं, मूठभर. आणि टाकल्यावर लगेच कापायचं नाय, म्हशी फुगतील."

"ते माहीत हाय मला. या वेळचा कधीच टाकून झालाय. तू कोण शिकवणारा?"

"मी थोरला!"

भांडण पुन्हा रंगात आलं. मालनला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिथेच बांधावर बसून ऐकत राहावं. पण सण होता, वडे तेलात होते. दर्शनाला ती म्हणाली, "चल गो, तेल जळेल."

खळ्यात आल्यावर आप्पांना मालनने मोठ्याने सांगितलं, "राहतोय तो!" आप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "मी म्हटलेलं, खाणारीला विचारा."

दर्शना चुलीकडे धावली. मालन पडवीत आली आणि बॅगेसमोर उभी राहिली. आता ही आवरायला सांगायची ती कोणत्या तोंडाने? पोरीच्या मनात मुंबई असेल तर आजचा निवाडा तिच्या विरुद्धच गेला. 'निदान मदत तरी करू,' म्हणून तिने बॅग दोन्ही हातांनी, जोर लावून उचलली.

बॅग अशी वर आली की मालन मागे पडता पडता वाचली. वजनच नव्हतं.

तिने चेन ओढली. आत नीट घड्या घालून, फुगवून भरलेल्या युरियाच्या रिकाम्या गोणी. एकावर एक. सगळ्यात वर एक टॉवेल.

"दर्शना!"

दर्शना पिठाचे हात घेऊन आली, बॅग उघडी बघितली आणि जीभ चावली.

"हे काय गो?"

"गोणी."

"त्या दिसतात मला. कपडे कुठे?"

"कपाटात. कुठे असणार?" दर्शना खाली बघत म्हणाली. "ते म्हणाले, बॅग भर. मी भरली. काय भरायचं ते कुठे सांगितलं?"

"आणि भाकऱ्या?" मालनने विचारलं. "म्हशीला? होत्या तेवढ्या?"

"तुम्ही पोहे का दिलेत, ताई?"

मग मालनने तिला जवळ ओढलं. शेणाचा वास येणारे हात, पिठाने भरलेले हात, कशाचं कोणाला भान राहिलं नाही. "मला वाटलं तुला जायचंय," मालन रडत म्हणाली. "रोज वाटायचं. विचारायला भीती वाटायची गो मला."

"मला वाटलं तुम्हाला आमची अडचण होते," दर्शना तिच्या खांद्यावर म्हणाली. "म्हणून मीही बोलले नाही."

वरून दोघा भावांचा आवाज खळ्यापर्यंत येत होता. मूठ मोठी की लहान यावर आता वाद चालला होता. मालनने डोळे पुसले, चेन लावली आणि बॅग माळ्यावर टाकायला उचलली.

"ताई, थांबा," दर्शना म्हणाली. "गोणी काढून घ्या. परवा देवरुखला गांडूळखत आणायला जायचं म्हणत होते ते दोघे."